कोंबडीच्या तळव्यातली काळी खपली: ब्लेड उचलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांची, अंगानं भारी पाळीव कोंबडी चार दिवसांपासून लंगडते आहे. उचलून पाहिलं तर डाव्या तळव्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढी काळी, टणक खपली आणि भोवती थोडी सूज. खाणंपिणं ठीक आहे, अंडीही देते. ब्लेडनं कापून आतली गाठ काढतात असे व्हिडिओ पाहिले, तसं घरी करू का? घरात माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या आहेत, त्या देऊ का? आणि या दिवसांतली अंडी खाल्लेली चालतील का?

पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’. अंड्यांचं शेवटी सांगतो, कारण ते तुम्ही मधल्या काळात काय करता त्यावर ठरेल.

वर्णनावरून हे बंबलफूट, म्हणजे कोंबडीच्या तळव्यातला जंतुसंसर्ग वाटतो, आणि तोही फार पुढे गेलेला नाही. या टप्प्यावर घरी पुष्कळ करता येतं. पक्ष्यांवर उपचार करताना मी असे पाय भरपूर पाहिले आहेत. जे बिघडले त्यांतले बरेच दुर्लक्षामुळे नव्हे, तर उत्साहामुळे बिघडले होते. त्यामुळे आत काय चाललं आहे ते आधी समजून घ्या. उपचार त्यातूनच आपोआप सुचत जातो.

कोंबडीचं सगळं वजन दोन छोट्या गाद्यांवर असतं. दिवसा ती चालते, रात्री दांडीवर बसते, म्हणजे तळव्याला सुट्टी अशी नाहीच. दांडी अरुंद किंवा धारदार कडेची असेल, उडी उंचावरून असेल, खालची जमीन कडक किंवा सतत ओली असेल, तर त्याच एका जागेवर दाब येत राहतो. तिथलं रक्त नीट फिरत नाही, कातडी आधी गुळगुळीत, चकचकीत आणि लालसर होते, मग घट्टा पडावा तशी जाड होऊन चिरते. काटा किंवा फळीची कुसळ घुसली तर हे काम एका दिवसात होतं. त्या चिरेतून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो बाहेरून शोधून आणावा लागत नाही, कातडीवर आणि खुराड्यात तो असतोच. त्याला फक्त दार उघडं मिळालेलं असतं.

आता महत्त्वाची गोष्ट. गळू पिकतं, मऊ होतं आणि फुटून पू वाहून जातो हा आपला माणसांचा अनुभव. कोंबडीत तसं होत नाही. माणसाच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करायला हातभार लावणारं एक विकर असतं, पक्ष्यांच्या तशा पेशींमध्ये ते नसतं. म्हणून पक्ष्याचा पू घट्ट, कोरडा, मेणाच्या चुऱ्यासारखा होतो आणि आतच खुंटीसारखा बसतो. वर दिसणारी काळी खपली म्हणजे त्या खुंटीचं डोकं. यातून दोन गोष्टी निघतात. ‘पिकू दे, मग फुटेल’ म्हणून वाट पाहण्यात काही हशील नाही. आणि दाबून पू काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. घट्ट पू बाहेर येत नाही, दाबानं तो आणखी आत, स्नायुबंधांच्या म्यानात सरकतो.

खात्री करायला आधी दोन्ही पाय पाहा. दुखरा पाय वाचवण्यासाठी कोंबडी सारा भार दुसऱ्यावर टाकते, आणि मग तिथेही तेच सुरू होतं. ‘चांगल्या’ पायाच्या तळव्याला लाली किंवा चकाकी दिसली तर ती पहिली पायरी समजा. तळव्यावर खपली नाही, पण दोन्ही पंजे किंवा घोट्याचे सांधे सुजलेले आणि गरम आहेत, तर ते मायकोप्लाझ्मासारखं वेगळं दुखणं असू शकतं आणि ते बाकीच्या कोंबड्यांनाही लागतं. पायावरचे खवले उचलले गेले असतील, खाली पांढरट भुकटी असेल, तर तो खवल्यांत शिरणारा किडा आहे, त्याचा उपचार निराळा. बोटाला केस किंवा दोरा आवळला गेलाय का तेही पाहा. ऐकायला साधं वाटतं, पण त्यात बोट सडून गळून पडतं. आणि तळवे स्वच्छ असूनही कोंबडी लंगडत असेल, एक पाय पुढे एक मागे टाकून बसत असेल, तर दुखणं पायात नाही, नसांमध्ये आहे. मग ही सगळी माहिती तिच्या कामाची नाही.

खपली आहे, सूज तळव्यापुरतीच आहे, कोंबडी पाय टेकवते आणि खाते, अशी स्थिती असेल तर घरी सुरुवात करा. पंजा वरच्या बाजूनं, बोटांच्या मधे फुगलेला असेल, सूज घोट्याकडे चढली असेल, पाय हाताला चटका बसावा इतका गरम लागत असेल, वास येत असेल, ती पाय टेकवतच नसेल किंवा मान आखडून एका कोपऱ्यात बसली असेल, तर संसर्ग स्नायुबंध, सांधा किंवा हाडापर्यंत गेला असण्याची शक्यता आहे. तिथे एक्स-रे लागतो, भूल लागते. कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, सुमारे 41 अंश सेल्सिअस, त्यामुळे ‘गरम लागतंय’ हे नेहमी दुसऱ्या पायाशी ताडून ठरवा.

व्हिडिओमधल्या शस्त्रक्रियेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिचा मोह फार असतो. एक गोल छेद, चिमटा, बाहेर आलेली पिवळी गाठ, आणि बघणाऱ्याला हायसं वाटतं. पडद्यावर दिसत नाही ते असं. गाठ दर वेळी एकसंध बी सारखी नसते, पुष्कळदा तिला फाटे फुटलेले असतात आणि मधली गाठ काढली तरी फाटे आतच राहतात. त्यांच्या शेजारून बोटं वाकवणारे स्नायुबंध जातात. ते कापले गेले तर बोट कायमचं कामातून गेलं. छेद नेमका भार पेलणाऱ्या जागेवर असतो, म्हणून भरायला वेळ लागतो. आणि ‘बघा, किती शांत बसली आहे’ असं जे म्हणतात ती शांतता नसते. कोंबडी ही शिकार होणारी जात. धरलं गेलं, सुटका नाही असं वाटलं की ती थिजते. वेदना तिला आपल्यासारखीच होते.

माझ्याच सुरुवातीच्या दिवसांतली एक फजिती सांगतो. एका वजनदार कोंबडीच्या तळव्यातली गाठ मी काढली. काम अगदी देखणं झालं होतं, जखम स्वच्छ, टाके नीट, आणि मी स्वतःवर खूश. मालकांना औषधं लिहून दिली आणि घरी पाठवलं. काही आठवड्यांनी तीच कोंबडी परत आली, त्याच जागी नवी खपली आणि आता दुसऱ्या पायालाही. मी तिच्या बसण्याच्या दांडीबद्दल एक शब्दही विचारला नव्हता. विचारलं तेव्हा कळलं की ती छातीएवढ्या उंचीवर ठोकलेल्या लोखंडी नळीवर झोपते आणि रोज पहाटे तिथून सिमेंटवर उडी मारते. तेव्हापासून मी पाय नंतर पाहतो, दांडीचा फोटो आधी मागतो. तुम्हीही आजच पाहा, कारण पुढचं सगळं त्यावरच टिकणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. ते संध्याकाळी, अंधार पडल्यावर करा, कोंबडी सुस्त असते. मोठ्या टॉवेलमध्ये पंखांसह सैल गुंडाळा आणि डोळ्यांवर टॉवेलची कड येऊ द्या. छाती मात्र दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलवूनच ते श्वास घेतात, त्यामुळे घट्ट आवळलं तर कोंबडी गुदमरते. उताणी करून फार वेळ ठेवणंही त्याच कारणानं वाईट. मांडीवर कुशीला धरा आणि पाय बाहेर काढा. दुसरं माणूस असेल तर काम निम्म्यानं सोपं होतं. हातात मोजे घाला. हा जंतू माणसालाही लागतो, विशेषतः बोटावर ओरखडा असेल तर. घरात कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी असेल तर त्यांनी या कामात पडू नये.

पाय आधी साध्या साबणानं धुवून घ्या. मग पसरट भांड्यात कोमट पाणी, कोपर बुडवून सुखद वाटेल इतपत, आणि लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. पाय दहा ते पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, पोट बिघडतं. खरं सांगायचं तर माझ्या मते इथे मिठापेक्षा पाण्याचं काम मोठं आहे. खपली भिजून मऊ व्हावी एवढाच हेतू आहे. एप्सम सॉल्ट मिळालं नाही म्हणून दोन दिवस थांबू नका, नुसत्या कोमट पाण्यात सुरू करा.

पाय टिपून कोरडा केला की पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा हवा. बाटलीतलं गडद औषध रोज ओतलं तर जखम भरणाऱ्या नव्या पेशीही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच, फेस पाहून समाधान होतं पण रोजच्या वापरानं जखम मागे पडते. जमीन पुसायची जंतुनाशकं पायाच्या जवळपासही नकोत.

मग ओल्या गॉझनं खपलीची कड गोल गोल, हलक्या हातानं चोळा. पहिल्या दिवशी बहुधा काहीच होणार नाही. जबरदस्ती करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कड सुटू लागते, आणि एखाद्या दिवशी खपली उचलून येते, तिच्या मागे पिवळट-पांढऱ्या खुंटीचा तुकडा लोंबत असतो. सुटून येत असेल तेवढंच घ्या. ओढताना ताण जाणवला, कोंबडीनं पाय झटकला किंवा ताजं रक्त दिसलं की त्या दिवसाचं काम संपलं. रक्त आलं तर स्वच्छ गॉझ पाच मिनिटं न उचलता दाबून धरा, दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिलं तर ते थांबत नाही. खुंटी निघून गेली की खड्डा राहील. तो सलाइननं धुवा, सलाइन नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्यानं.

मलमाबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण घरोघरी कपाटात सापडणाऱ्या ट्यूबमध्ये हीच चूक लपलेली असते. ट्यूबवर छापलेली घटकांची यादी वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. पक्षी स्टेरॉइडला फार हळवे असतात, कातडीवर लावलेलं अंगात भिनून त्यांची प्रतिकारशक्ती खचते आणि संसर्ग बळावतो. तसंच शेवटी ‘केन’ येणारी बधिर करणारी औषधं, बेन्झोकेन, लिग्नोकेन वगैरे. एवढ्याशा जिवाला त्यांची मात्रा चटकन जास्त होते. हे दोन्ही नसलेलं साधं जंतुनाशक मलम, सिल्व्हर सल्फाडायझिनसारखं, पातळ थरात चालेल. ढीगभर थापू नका, ते पिसांना लागतं आणि त्यावर कचरा चिकटतो.

वर न चिकटणाऱ्या गॉझचा छोटा तुकडा ठेवा. जमलं तर मऊ फोमची चकती मधे भोक पाडून अशी बसवा की जखम भोकात येईल आणि भार कडेवर जाईल. हे छोटं कडं मला मलमापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. त्यावर स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी, व्हेट रॅप म्हणतात ती, बोटाच्या रुंदीची कापून बोटांच्या मधून आलटून पालटून न्या आणि नडगीभोवती एक वेढा द्या. ही पट्टी ताणून गुंडाळली तर बसल्यावर आणखी आवळते. म्हणून आधी रिळावरून पुरेशी उलगडून सैल करा, मग गुंडाळा. बोटांची टोकं उघडी राहायला हवीत. अर्ध्या तासानं परत पाहा. बोटं फुगलेली, गार किंवा निळसर वाटली तर लगेच कापून काढा. कोंबडी सुरुवातीला पाय उंच उचलून, चिखलात चालल्यासारखी चालेल. त्याची काळजी नको, तासाभरात सवय होते. चोचीनं पट्टी उकरत मात्र राहिली तर ती नक्की कुठेतरी टोचते आहे.

पहिले चार दिवस रोज भिजवणं आणि पट्टी बदलणं. खपली सुटल्यावर भिजवणं एक दिवसाआड करा, पट्टी मात्र रोज बदला आणि ओली झाली तर तिथल्या तिथे. कातडी सतत भिजत राहिली तर पांढरी, लिबलिबीत होते आणि नवी चीर पडते. जास्त सेवा करणाऱ्यांची ही हमखास चूक. बरं होत असल्याची खूण म्हणजे सूज ओसरते, खड्डा तळाकडून गुलाबी होत वर येतो, आणि ती पायावर भार देऊ लागते. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. पाच दिवसांत सूज वाढली, किंवा दोन आठवड्यांनी पाय जिथल्या तिथेच असेल, तर घरचे उपाय पुरे. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

या काळात तिची झोपायची दांडी काढून घ्या. कोरड्या भुशाचा किंवा लाकडाच्या सालपटांचा चार बोटं जाड थर द्या आणि तिथेच झोपवा. वेगळं ठेवायचं तर बाकीच्या तिला दिसतील असं जाळीच्या आडोशाला ठेवा. पूर्ण एकटी पडली तर ती खाणं सोडते, आणि परत आणल्यावर कळप तिला नव्यानं टोचून काढतो. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. कोंबडी आजार लपवते, पण घटतं वजन तिला लपवता येत नाही.

आणि मग ती दांडी. सुमारे 5 सेंटीमीटर रुंदीची लाकडी पट्टी, रुंद बाजू वर, कडा गोल घासलेल्या. पंजा त्यावर पसरून बसला पाहिजे, आवळून नव्हे. हात फिरवा, कुसळ लागली तर घासकागद मारा. भारी जातीसाठी गुडघ्यापेक्षा उंच नको, आणि जिथे ती उडी मारते तिथे मऊ थर हवा. तारेची जाळी जमीन म्हणून वापरली असेल तर निदान बसायच्या जागी फळी टाका. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली जागा हा कायमचा चोर आहे. भांडं विटांवर उंच करा आणि खालचा भुसा भिजला की लगेच बदला.

वजनाचंही बोलायला हवं. ‘अंगानं भारी’ हे जातीमुळे की लाडामुळे? छातीच्या हाडावर बोट फिरवा. कड हाताला जरासुद्धा लागत नसेल तर ती जाड आहे. मुठीमुठीनं टाकलेलं धान्य आधी कमी करा. अंड्यावरच्या कोंबडीचा तयार समतोल खुराक हाच मुख्य आहार असू द्या. नुसत्या धान्यावर वाढलेल्या कोंबडीला जीवनसत्त्व अ आणि बायोटिन कमी पडतं, आणि त्या दोन्हींशिवाय तळव्याची कातडी चिवट राहत नाही.

आता गोळ्या. माणसांसाठी आणलेली, अर्धी उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. त्या घट्ट खुंटीत रक्तच पोहोचत नाही, मग गोळी काय पोहोचणार? खुंटी जागेवर असेपर्यंत औषध तिच्याभोवती फिरत राहतं. शिवाय अंदाजानं दिलेल्या अपुऱ्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात, आणि हा जंतू तुमच्याच हातावर येणार आहे. काही अँटिबायोटिकांवर कोंबड्यांसाठी बंदी आहे ती याच भीतीपोटी. अमेरिकेत एन्रोफ्लॉक्सासिन 2005 पासून कोंबड्यांना देता येत नाही. संसर्ग खोल गेला असेल तर अँटिबायोटिक लागतंच, पण ते कोणतं, हे डॉक्टरांनी आतला नमुना तपासून ठरवलेलं बरं. दुखणं कमी करायला ते मेलॉक्सिकॅम देऊ शकतात, तिच्या वजनाप्रमाणे मोजून. घरातली वेदनाशामक गोळी तोडून देणं हा त्याला पर्याय नाही.

राहिली अंडी. पोटात किंवा टोचून कोणतंही औषध दिलेलं नाही, कोंबडी एरवी तरतरीत आहे आणि दुखणं तळव्यापुरतंच आहे, तर तिची स्वच्छ, न तडकलेली अंडी पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. घाण लागलेलं किंवा चीर गेलेलं अंडं टाकून द्या. पाय हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय अंडी गोळा करू नका, आणि काढलेल्या पट्ट्या, खपल्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, बाकीच्या कोंबड्या त्या टोचून खातात. पण डॉक्टरांनी औषध सुरू केलं, तर अंडी किती दिवस टाकून द्यायची हे त्यांना त्याच भेटीत विचारा. शेवटचा डोस दिल्याच्या दिवसापासून ते दिवस मोजा, पहिल्या डोसापासून नव्हे. काही औषधं अंड्यावरच्या कोंबडीला मुळीच चालत नाहीत, म्हणून ती अंडी देते आहे हे त्यांनी औषध लिहिण्याआधी सांगा.